हातमोज्याला भोकं हवीत की नकोत?

गाडी चालवताना घालायचे चामड्याचे हातमोजे आणि रेसिंगचे हातमोजे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्या जोडीला जागोजागी भोकं असतात. मूठ वळली की जी हाडं वर येतात त्यांच्यावर चार गोल खिडक्या, पंजाच्या पाठीवर मोठा अर्धगोल काप, बोटांवर बारीक छिद्रांच्या रांगा आणि मनगटाशी एक टिचबटण. दुसऱ्या जोडीला भोक औषधालाही सापडत नाही. ती मनगट ओलांडून सुटाच्या बाहीवर चढेल इतकी लांब असते आणि तिच्यावर मान्यतेचं लेबल शिवलेलं असतं. दुकानात दोन्ही एकाच फळीवर मिळतात. म्हणून ‘हे घालून खरंच काही फायदा होतो का?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा अर्धवट उत्तर मिळतं. माझ्या मते रस्त्यावरच्या मोटारीतला हातमोजा ज्या अडचणींवर उपाय म्हणून आला, त्यांतल्या बहुतेक अडचणी केव्हाच मिटल्या आहेत. उरली आहे ती हौस. ट्रॅकवरचा हातमोजा मात्र पकडीसाठी आहे असं वरवर वाटलं, तरी त्याची खरी गाठ आगीशी आहे.

मोटारी आल्या तेव्हा त्यांना छप्पर नव्हतं, बऱ्याच गाड्यांना पुढची काचही नव्हती. युरोपातला हिवाळा, रस्त्याची धूळ, इंजिनाचं तेल आणि हातात लाकडाचं किंवा पितळेचं स्टिअरिंग. अशा गाडीत हातमोजा ही चैन नव्हती, तो नसेल तर तासाभरात बोटं बधिर व्हायची. त्या काळातली डोरोथी लेव्हिट ही इंग्रज बाई या विषयातली जाणकार. १९०६ साली ब्लॅकपूलला तिने ताशी सुमारे १४६ किलोमीटर वेगाने गाडी हाकली होती. १९०९ मध्ये तिने बायकांसाठी मोटार चालवण्यावर पुस्तक लिहिलं. त्यात हातमोज्यांबद्दलचा सल्ला अगदी रोखठोक आहे. लोकरीचे हातमोजे घालू नका, गुळगुळीत स्टिअरिंगवर लोकर सरकते. मऊ चामड्याचे, आतून फर लावलेले घ्या. सीटखालच्या छोट्या खणात एक स्वच्छ जोडी जवळ ठेवा, असंही ती सांगते. डॅशबोर्डच्या ज्या कप्प्याला आपण ग्लोव्ह बॉक्स म्हणतो आणि ज्यात पीयूसीचा कागद, टायरच्या हवेची पावती आणि वितळलेलं चॉकलेट ठेवतो, तो कप्पा असा हातमोज्यांसाठीच सुरू झाला.

या मागणीमुळे हातमोजे शिवणाऱ्या जुन्या गावांना नवं गिऱ्हाईक मिळालं. इंग्लंडमध्ये वूस्टरला १७७७ पासून हातमोजे करणारी डेंट्स ही पेढी होतीच. फ्रान्समधलं मियो हे गाव तर या धंद्याची राजधानीच होतं, आणि त्याचं कारण चीज. शेजारच्या रोकफोर चीजसाठी मेंढीचं दूध लागतं, ते मिळावं म्हणून कोकरं लवकर बाजूला काढली जातात आणि कोवळं कातडं उरतं. चांगला ड्रायव्हिंगचा हातमोजा आजही मेंढीच्याच कातड्याचा असतो, पण बहुधा उष्ण प्रदेशातल्या, लोकरीऐवजी केस असलेल्या मेंढीच्या. हे कातडं पातळ असूनही चिवट असतं. आत अस्तर लावत नाहीत, कारण अस्तर आलं की तळव्याला स्टिअरिंग कळेनासं होतं. दोन बोटांच्या मधल्या बाजूला अरुंद पट्ट्या जोडलेल्या असतात. त्या नीट शिवलेल्या असतील तर बोट वाकवताना कातडं ओढलं जात नाही. स्वस्त जोडीत या पट्ट्याच गाळलेल्या असतात. विकत घेताना भोकं मोजण्यापेक्षा हे पाहावं.

भोकांचा काळ पुढचा. बंद गाड्या आल्या, हीटर आले, थंडीचा प्रश्न संपला. तरी स्टिअरिंग राहिलंच. इटलीत नार्दीने केलेली लाकडी स्टिअरिंग्ज दिसायला देखणी, पॉलिश केलेलं लाकूड आणि ॲल्युमिनियमचे दांडे. पण घामेजलेल्या हाताला ती निसरडी होत. शिवाय पॉवर स्टिअरिंग नाही, रिम मोठी आणि बारीक. वळणावर जोर लावून ओढावं लागे आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट मनगटात येई. तळव्याला चामडं आणि पाठीला सुती जाळी असा हातमोजा या काळात लोकप्रिय झाला. तळव्याने धरायचं, पाठीने वारा घ्यायचा, असं त्याचं गणित होतं. हाडांवरच्या खिडक्याही त्यासाठीच: मूठ वळताना चामडं तिथे ताणलं जाऊ नये आणि घाम कोंडू नये. म्हणजे भोकं ही शोभा नव्हती, तो एक हिशेब होता.

तळहाताच्या घामाची एक गंमत आहे. बाकी अंगाला मुख्यतः उष्म्याने घाम येतो, तळव्याला ताणानेही येतो. घाटात समोरून एसटी आली की एसी चालू असतानाही हात ओलसर होतात ते यामुळे. त्वचा किंचित दमट असेल तर पकड सुधारते, फार ओली झाली की सुटते. कोरडं चामडं या चढउतारातून हाताला वाचवतं; हातमोज्याच्या बाजूने देण्यासारखा हा एक खरा मुद्दा आहे. मात्र आजच्या गाडीत पॉवर स्टिअरिंग दोन बोटांनी फिरतं, रिम जाड आणि मऊ असते आणि रस्त्याचा धक्का हातापर्यंत येईस्तोवर गाळून गाळून येतो. तिथे हातमोज्याने वाढलेली पकड वापरायला जागाच उरत नाही.

मग रस्त्यावर हातमोजा राहिला कशाला? काही ठिकाणी रीत म्हणून. जपानमधले टॅक्सीवाले आणि बसचालक पांढरे हातमोजे घालतात. त्यात स्वच्छता आहे आणि प्रवाशाबद्दलचा आदर आहे. आपल्याकडे पंचतारांकित हॉटेलांच्या गाड्यांवर किंवा लग्नात भाड्याने आणलेल्या जुन्या गाडीवर पांढरे हातमोजे घातलेला ड्रायव्हर दिसतो. ते सुती असतात. वार्निश मारलेल्या स्टिअरिंगवर सुती हातमोजा घालून गर्दीत गाडी काढणं ही कसरतच आहे, आणि लेव्हिटबाईंनी लोकरीबद्दल जे सांगितलं ते इथेही लागू पडतं. काही ठिकाणी सिनेमामुळे राहिला: २०११ च्या ‘ड्राइव्ह’मध्ये रायन गॉसलिंगच्या हातातले तपकिरी हातमोजे पाहून ती जोडी मागवणारे जगभर निघाले. यात वाईट काही नाही. शनिवारी सकाळी जुनी फियाट बाहेर काढणाऱ्या माणसाला हातमोजे घालावेसे वाटले, तर त्याला पकडीचं शास्त्र सांगायला लावू नये.

आपल्या हवेत मात्र दोन कारणं खरी आहेत. पहिलं ऊन. बहुतेक गाड्यांची पुढची काच दोन थरांची असते, त्यामुळे ती अतिनील किरण बरेचसे अडवते. बाजूची काच साधारणपणे तितकी अडवत नाही. आपण उजवीकडे बसून गाडी चालवतो, म्हणून रोज लांबचा प्रवास करणाऱ्याचा उजवा हात डाव्यापेक्षा काळवंडलेला दिसतो. दुसरं म्हणजे उन्हात उभी केलेली गाडी. अमेरिकेत ॲरिझोनात केलेली एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तीत उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाड्यांचं स्टिअरिंग सरासरी ५३ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं होतं आणि डॅशबोर्ड ६९ च्या. चंद्रपूर किंवा अकोल्यात मे महिन्यात दुपारी गाडीत बसणाऱ्याला हे आकडे नवे वाटणार नाहीत. तिथे स्टिअरिंगवर पंचा टाकून ठेवायची पद्धत आहे, आणि पहिल्या पाच मिनिटांसाठी ग्लोव्ह बॉक्समध्ये एक पातळ जोडी असेल तर ती पंच्याइतकीच उपयोगी पडते. एसीने गाडी गार झाली की काढून ठेवावी.

स्टिअरिंगचं चामडं वाचतं हा फायदाही खोटा नाही. हाताच्या तेलाने आणि घामाने दहा आणि दोनच्या जागी ते आधी चकचकीत होतं, मग त्याचे पापुद्रे निघतात. अंगठी असेल तर ओरखडे वेगळे. यावर आपल्याकडचा सर्रास उपाय म्हणजे ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन कव्हर चढवणं. शिवून घट्ट बसवलेलं कव्हर ठीक. पण नुसतं ताणून चढवलेलं सैल कव्हर रिमवरून फिरतं, आणि ऐन वळणावर हात वळतो पण चाक वळत नाही. त्यापेक्षा कव्हर स्टिअरिंगऐवजी हातालाच घातलेलं बरं. नव्या गाड्यांनी इथेही एक खोडा घातला आहे. साधं चामडं घालून टचस्क्रीन चालत नाही. काही गाड्यांमध्ये चालकाचे हात स्टिअरिंगवर आहेत की नाहीत हे रिममधले सेन्सर ओळखतात, आणि हातमोजे असतील तर चूक होऊ शकते असं मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. हातमोजे घालून सरळ गाडी चालवणाऱ्याला गाडी ‘स्टिअरिंग धरा’ म्हणून टोकत बसते.

रस्त्यावर हातमोजा खरा हवा तो दुचाकीवाल्याला, आणि त्याच्याच हातात तो सहसा नसतो. पडताना माणूस आपोआप तळवे पुढे करतो. तळव्याची त्वचा डांबरावर सोलते आणि मनगटाजवळचं एक छोटं हाड मोडतं, जे जुळायला फार वेळ घेतं. मोटारसायकलच्या हातमोज्यांसाठी युरोपात ईएन १३५९४ हे मानक आहे. त्यात घासणं, फाटणं, पडताना हातातून निसटणं आणि हाडांवरचा मार, सगळ्याची चाचणी होते. पुण्यात स्कूटरवर दिसतात ते कोपरापर्यंतचे सुती हातमोजे, वर डोळ्यांपुरती फट ठेवून बांधलेला स्कार्फ. ते उन्हासाठी उत्तम. डांबरावर मात्र त्यांचा काही पाड लागत नाही. आपला कायदा हेल्मेट मागतो, हातमोजे मागत नाही, आणि कायदा मागत नाही ती वस्तू आपण घेत नाही.

ट्रॅककडे वळायचं तर सुरुवात गो-कार्टपासून करावी, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा ट्रॅकशी पहिला संबंध तिथेच येतो. भाड्याच्या कार्टला पॉवर स्टिअरिंग नाही, स्प्रिंगा नाहीत, इंजिन कुल्ल्याशेजारी घरघरत असतं. दहा मिनिटांची एक फेरी झाली की अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खाचेत लाल पट्टा उमटतो. दुसऱ्या फेरीत तिथे फोड येतो. बोटं मिटलेलीच राहतात, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही. इथे हातमोजा पकडीसाठी आणि कातडी वाचवण्यासाठीच लागतो. कार्टिंगच्या चांगल्या हातमोज्याची शिवण बाहेरच्या अंगाला असते. उलटा घातलाय की काय असं वाटतं, पण शिवण आत असती तर तीच बोटात रुतली असती. तळव्यावर सिलिकॉनची नक्षी असते. मात्र कार्टचा चालक पट्ट्याने बांधलेला नसतो आणि त्याच्याभोवती बंद डबाही नसतो; अपघातात तो बाहेर फेकला जातो. म्हणून कार्टिंगचे कपडे आणि हातमोजे घासलं जाण्याविरुद्ध बनवतात, आगीविरुद्ध नाही. तेच हातमोजे घेऊन कुणी मोटार रेसला गेला तर तपासनीस त्याला परत पाठवतील, आणि ते बरोबरच आहे.

मोटारीच्या चालकाची गोष्ट उलटी. तो पट्ट्यांनी सीटला जखडलेला असतो आणि पेट्रोलची टाकी त्याच्या पाठीमागे असते. १९६४ च्या मे महिन्यात अमेरिकेत एका आठवड्यात दोन भयंकर आगी लागल्या. २४ मे रोजी शार्लटच्या शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्सची गाडी उलटून पेटली. प्रतिस्पर्धी चालक नेड जॅरेटने त्याला ओढून बाहेर काढलं, त्यात जॅरेटचेही हात भाजले. त्या काळी सुती कपडे रसायनात बुडवून आगीला टिकाऊ करत. रॉबर्ट्सला दम्याचा त्रास होता, त्याला ते रसायन सोसत नसे. २ जुलैला तो वारला. त्या आगीनंतर सहाच दिवसांनी, ३० मे रोजी, इंडियानापोलिसला एडी सॅक्स आणि डेव्ह मॅक्डॉनल्ड हे दोघे चालक गेले. ड्यूपाँटचं नोमेक्स हे कापड त्यानंतरच्या काही वर्षांत रेसिंगमध्ये आलं. त्याची करामत अशी की ते वितळत नाही. ज्वाळा लागली की त्याचे धागे फुगून कोळसा होतात, विणीतल्या फटी बुजतात आणि आतल्या कातडीपर्यंत उष्णता पोचायला उशीर होतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टर मात्र वितळून कातडीला चिकटतं. ट्रॅकवर खिडक्यांचा देखणा हातमोजा का चालत नाही, हे यावरून उघडच आहे. प्रत्येक भोक म्हणजे आगीला दिलेली वाट.

आगीत पंजाची पाठच का जळते? तळवा स्टिअरिंगवर मिटलेला असतो, त्याची कातडी जाड असते. पाठीची कातडी पातळ, तिच्या लगेच खाली बोटं उघडणारे स्नायुबंध. ती भाजली आणि बरी होताना आखडली की बोटं नीट हलत नाहीत. म्हणून रेसिंगच्या हातमोज्याचा पाठीकडचा भाग सहसा जास्त थरांचा असतो आणि तळवा पातळ. तिथे हाताला जाणीव हवी. आणि एवढं करूनही मानकं जे सेकंद मोजतात ते दहा-बाराच्या घरातले असतात. हातमोजा माणसाला आगीत बसू देण्यासाठी नसतो. पट्ट्यांची कडी सोडायची, स्टिअरिंग काढायचं, दार किंवा जाळी ढकलायची, ही सगळी कामं बोटांची असतात. बोटं चालू राहिली तर माणूस बाहेर येतो, एवढाच हा सौदा.

हा सौदा जगाने २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत पाहिला. रोमां ग्रोजाँची गाडी पहिल्याच फेरीत ताशी १९२ किलोमीटरच्या वेगाने कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले आणि पेटली. तो सुमारे २८ सेकंद आगीत होता. पाय अडकला होता, तो त्याने बूट मागे सोडून ओढून काढला. नंतर त्याने सांगितलं की लाल हातमोजे काळे पडताना तो पाहत होता आणि हात भाजणार हे त्याला कळत होतं. तरी त्याने ते हात आगीतच टेकले, कारण बाहेर पडायला दुसरा आधार नव्हता. चेहरा वाचला, फुप्फुसं वाचली. भाजली ती दोन्ही हातांची पाठ, डावी जास्त. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत इंडीकारमध्ये पुन्हा गाडी चालवत होता. अपघाताच्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये एफआयए या मोटार रेसिंगच्या जागतिक संघटनेचं ८८५६-२०१८ हे नवं, अधिक कडक मानक लागू झालेलं होतं.

त्या आगीकडे धावत गेलेले डॉक्टर इयन रॉबर्ट्स आणि मेडिकल कार चालवणारा ॲलन व्हॅन डर मर्व्ह यांचा हातमोज्यांशी एक वेगळाही संबंध आहे. २०१८ पासून फॉर्म्युला वनच्या हातमोज्यात एक पातळ सेन्सर शिवलेला असतो. तो चालकाची नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजून बिनतारी पाठवतो. हे आणण्यात या दोघांचा पुढाकार होता. गाडी ढिगाऱ्याखाली असेल, जवळ जाता येत नसेल, तरी आतला माणूस कसा आहे हे बाहेर कळावं हा हेतू.

नियमांत एक सूट आहे, ती मला सगळ्यात शहाणी वाटते. रॅलीत चालकाला हातमोजे सक्तीचे, शेजारी बसणाऱ्या को-ड्रायव्हरला ऐच्छिक. उड्या मारणाऱ्या गाडीत वहीचं एकेक पान अचूक उलटायचं म्हणजे उघडी बोटं हवीत. एक पान चुकलं तर पुढचं वळण चुकीचं सांगितलं जाणार, आणि ती आफत आगीपेक्षा आधी येते.

चालकांना मात्र हातमोज्यांची किती सवय होते, ते २०१७ मध्ये बाकूच्या फॉर्म्युला वन शर्यतीत कळलं. शर्यत मध्येच थांबवली होती, पुन्हा सुरू व्हायची वेळ झाली आणि चालक किमी रायकोनेन रेडिओवरून हातमोजे आणि स्टिअरिंग द्या म्हणून ओरडत होता. एरवी वाक्यात दोन शब्द बोलणारा माणूस. त्याची गाडी त्या दोन वस्तूंवाचून अडली होती आणि त्याने हातमोजे आधी मागितले.

आपल्याकडच्या हौशी लोकांना मोठ्या ट्रॅकसाठी कोइम्बतूर, चेन्नई किंवा ग्रेटर नोएडा गाठावं लागतं. तिथे स्वतःची रस्त्यावरची गाडी घेऊन दिवसभर फेऱ्या मारण्याच्या कार्यक्रमात हेल्मेट सक्तीचं असतं, हातमोज्यांबद्दल आयोजकागणिक नियम वेगळा. मग लोक हाताशी असलेली जोडी घालतात: बाइकची, जिमची, क्वचित कुणी हौशीने मागवलेली खिडक्यांची. बाइकचे हातमोजे जाड असतात आणि त्यांत प्लास्टिकच्या वाट्या असतात. त्यांनी स्टिअरिंग कळत नाही. जिमचे अर्ध्या बोटांचे. आगीच्या दृष्टीने या तिन्ही जोड्या आणि उघडे हात यांत फारसा फरक नाही, आणि सिंथेटिक असतील तर उघडे हात बरे. रोलकेज बसवलेली, पाच-सहा ठिकाणी बांधून ठेवणारे पट्टे लावलेली गाडी असेल, तर मान्यतेच्या लेबलाशिवाय दुसरं काही घेऊ नये. साध्या गाडीत, साध्या पट्ट्यात, चार फेऱ्यांसाठी जाणाऱ्याने पातळ, बिनअस्तराचे चामड्याचे घातले तरी चालतील. जोडी मात्र घट्ट हवी. घरी घालून मूठ मिटावी. तळव्यावर घडी पडली तर एक माप लहान घ्यावं, कारण चामडं वापराने सैल होतं, आवळत नाही. नोमेक्सची जोडी पेट्रोलने किंवा ग्रीसने भिजली तर ती सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावी. तेल प्यायलेलं कापड आगीला अडवत नाही, उलट तिला हातभार लावतं. आणि मान्यतेचं लेबल टोचतं म्हणून कापून टाकलं, तर तपासणीच्या टेबलावर ती जोडी नुसत्या सुती हातमोज्यांच्या बरोबरीची ठरते.